वाळूउपशाविरुद्ध गाव एकत्र येतंय. तक्रारदार उघडा पडू नये म्हणून काय करावं?

गोदाकाठ
गोदावरीच्या पात्रात रात्री केणी (पाण्यातून वाळू ओढायचं अवजार) आणि जेसीबी लावून उपसा चालतो. तहसीलला तोंडी कळवलं की पथक यायच्या आत पात्र मोकळं. आता पंधरा-वीस जण लेखी तक्रारीला तयार आहेत. अर्जावर नाव कोणाचं टाकावं? पात्रात उतरून व्हिडिओ काढावा का? व्हॉट्सॲप ग्रुप केलाय, १८० जण आहेत. त्यातले सगळेच ओळखीचे नाहीत.

फेरफार
आधी त्या ग्रुपचं बघा. १८० जणांत वाळूवाल्याचा माणूस नसेल हे शक्यच नाही. चौकाचौकात टेहळणीला पोरं बसवणारा माणूस ग्रुपमध्ये शिरायचं सोडेल का? तो ग्रुप बंद करू नका, लगेच संशय येतो. सेटिंगमध्ये 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील' करा आणि तिथे झाडं, पाणी, ग्रामसभेची वेळ एवढंच टाका. अर्ज, तारखा, फोटो यांचं बोलणं पाच-सहा जणांत, शक्यतो समोरासमोर. सगळ्यांनी टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा.

नावाबद्दल. निनावी अर्ज बहुतेक वेळा दप्तरी दाखल होतो, म्हणजे कारवाईविना फाइलबंद. एकट्याच्या नावाचा अर्ज म्हणजे त्याच्या घराचा पत्ता वाळूवाल्याच्या हातात. म्हणून ग्रामसभेचा ठराव, किंवा चाळीस-पन्नास सह्यांचा अर्ज. सह्या गोल घ्या, म्हणजे पहिलं नाव कोणाचं हे कळत नाही. एकाच दिवशी तहसीलदार, प्रांत, जिल्हा खनिकर्म अधिकारी आणि जिल्हाधिकारी या चौघांना स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवा. चार ठिकाणी कागद गेला की एका टेबलावर दाबून ठेवता येत नाही. हातोहात दिलात तर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही: वर्गणी एकाच्या यूपीआय खात्यावर घेऊ नका. समोरच्याचा आवडता डाव म्हणजे खंडणीचा उलटा गुन्हा. अनुक्रमांक छापलेलं पावतीबुक ठेवा, आणि 'बसून बोलू' म्हणून ढाब्यावर बोलावलं तर एकट्याने जाऊ नका. खरं तर जाऊच नका.

दगडवाट
रात्री पात्रात अजिबात उतरू नका. भरलेला टिपर माणूस आडवा आला म्हणून थांबत नाही, आणि उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. गाडी अडवणं तर नकोच. पर्यावरण कार्यकर्त्या सुमैरा अब्दुलालींवर २००४ मध्ये किहीमच्या किनाऱ्यावर हल्ला झाला तो वाळूच्या गाड्या रोखतानाच.

व्हिडिओचा आणखी एक पेच आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा अंकी ठसा) येते. प्रमाणपत्राच्या भाग 'अ'वर सही करायची ती फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने, म्हणजे व्हिडिओ काढणारा कोर्टात लपून राहत नाही. त्यामुळे कोण काढणार हे आधीच ठरवा. मूळ फाइल फोनमधून खोडू नका. पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप ती दाबून लहान करतं आणि तारीख-ठिकाणाची माहिती पुसली जाते.

पात्रात न जाता पुष्कळ काही मिळतं. कोपर्निकस ब्राउझर या वेबसाइटवर सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो फुकट आहेत, साधारण दर पाच दिवसांनी नवा. एक ठिपका म्हणजे १० मीटर, त्यामुळे ट्रॅक्टर दिसणार नाही, पण पात्रात उतरणारा नवा रस्ता आणि रुंद होत गेलेला खड्डा दिसतो. पावसाळ्यात ढगच दिसतात, म्हणून ऑक्टोबर ते मे बघा.

साठा रस्त्यावरून दिसत असेल तर अंदाज असा काढा: ढिगाच्या घेराचा वर्ग गुणिले उंची, भागिले ३७.७. सगळं फुटात. घेर ६० आणि उंची ६ असेल तर ५७३ घनफूट, म्हणजे पावणेसहा ब्रास (एक ब्रास १०० घनफूट). अर्जात 'खूप वाळू' लिहिण्यापेक्षा ब्रासचा आकडा लिहा, कारण जमीन महसूल संहितेच्या ४८(७) खालचा दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत असतो आणि तो परिमाणावरच बसतो.

दफ्तरदार
वरच्या दोघांशी बऱ्यापैकी सहमत, पण गोल सह्यांनी गावात काही लपत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सगळं कळतं. खरं संरक्षण संख्येत आहे, लपण्यात नाही. नाव लपवायचंच तर माहिती अधिकारात लपवा. तो अर्ज गावात राहणाऱ्याने करायची गरजच नाही. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या कोणीही करावा, कलम ६(२) प्रमाणे कारण विचारता येत नाही. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. मागायचं एवढंच: या गावच्या हद्दीत लिलाव झालेले घाट, गट नंबर, मंजूर ब्रास, मुदत. घाटाचा लिलाव किंवा दुसरी कुठली परवानगी नसेल तर निघालेली प्रत्येक ट्रॉली चोरीची ठरते, आणि रात्रीच्या व्हिडिओवर फारसं अडून राहत नाही.

पर्यावरणाच्या नुकसानीची दाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात मागता येते, त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. कलम १४ चा अर्ज वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, फार तर ६० दिवस वाढीव. म्हणून पहिल्या नोंदीची तारीख जपा.

गोदाकाठ
एकाला फोनवर धमकी आलीय. ठाण्यात एनसी (अदखलपात्र नोंद) करू म्हणतात.

फेरफार
एनसी घ्या, पण प्रत हातात घेऊन या. नंबर, वेळ आणि वापरलेले शब्द जसेच्या तसे, शिव्यांसकट लिहा. 'जिवे मारीन' हे शब्द 'धमकी दिली' असे गुळगुळीत झाले की कलमही हलकं लागतं. नुसत्या एनसीवर पोलीस तपास करत नाहीत, त्यासाठी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७४ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश मागावा लागतो. दखलपात्र गोष्ट असून एफआयआर घेत नसतील तर १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी द्या. धमकी देणाऱ्यावर कलम १२६ ची चॅप्टर केस (शांतता राखण्याचा बाँड घेण्याची कारवाई) मागता येते. मात्र जपून, ठाण्याला दोन्ही बाजूंवर चॅप्टर लावायची सवय असते.

साक्षीदार संरक्षण योजना २०१८ चं नाव कोणी काढेल. साध्या वाळूचोरीला तीन वर्षांपर्यंतच शिक्षा आहे, योजना सात वर्षं आणि त्यावरच्या गुन्ह्यांसाठी. हल्ला झाला आणि जिवे मारण्याच्या प्रयत्नाचं कलम लागलं तर मात्र जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज जातो.

ज्याला फोन आलाय त्याने रोजची वेळ आणि रस्ता आजपासून बदलावा. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांना १३ जानेवारी २०१० ला सकाळच्या फिरण्याच्या वेळीच गाठून मारलं होतं. घराबाहेर पडताना दोघांना सांगून निघायचं, पोचल्यावर फोन. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात फोन आला नाही तर तिसऱ्याने ११२ लावायचा. तो तिसरा कोण, हे आज रात्रीच ठरवा.