धांड्याच्या घराचं दार फिरायचं कसं?

पूर्णाकाठची
मी दर्यापूर तालुक्यातली. 1974-75 ची गोष्ट असेल, मी आठ-नऊ वर्षांची. ज्वारीची सोंगणी झाली की बाबा कडब्यातून अंगठ्याएवढे जाड धांडे निवडून आणायचे, ओसरीत बसून विळ्यानं सालटं सोलायचे आणि मला घर करून द्यायचे. दोन खोल्या, वर उतरतं छप्पर, बाजूला बैलांचा कोठा. सुतळी नाही, खिळा नाही, डिंक नाही. सालट्याच्या चिपा आतल्या भेंडात खुपसायच्या, सगळं त्यावरच उभं. आणि त्या घराला दार होतं. खरंच उघडायचं, लागायचं. मी ते इतक्यांदा उघडलं-लावलं की संक्रांतीपर्यंत निखळून हातात यायचं.

घरात राहायला चिंधीची बाहुली. लुगड्याच्या काठाचा पदर, काजळाचे डोळे. पोटात आईनं कापूस भरला तो सरकीसकट, शेतातून आला तसा. एका रात्री उंदीर आला, बाहुलीचं पोट फाडलं आणि सरकी खाऊन गेला. मी रडून घर डोक्यावर घेतलं. आई म्हणे, "रडू नको व, बाळंत झाली ते."

आता नात दिवाळीच्या सुट्टीत आली आहे, तिला तसं घर करून द्यायचं मनात आहे. पण आमच्या शिवारात ज्वारी राहिली कुठे? जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन, नाहीतर कपाशी-तूर. (रानडुकरांपायी सोडली लोकांनी ज्वारी, ते दुखणं वेगळंच.) आधी तुराट्या घेऊन पाहिल्या, त्यांत चीप घुसतच नाही. मग भावानं धुऱ्याकडे, म्हणजे बांधाला, गुरांसाठी टाकलेल्या ज्वारीचे हिरवे धांडे आणले. घर उभं राहिलं. चौथ्या दिवशी सकाळी पाहते तर गुडघे टेकून बसलेलं. आणि दाराचं तर मला काहीच आठवत नाही. बाबा कसं करायचे ते नीट पाहून ठेवलंच नाही, मला दार हवं होतं, कसब नाही. कोणाला ठाऊक असेल तर सांगा जी.

नवा_गडी
काकू, लाकडी घरांचे तयार संच ऑनलाइन मिळतात. दोन दिवसांत घरपोच. कशाला एवढा ताप.

पूर्णाकाठची
मागवता मलाही येते, बापू. ते नाही विचारलं.

धुरकरी
ताई, हिरवा धांडा घेतला तिथंच चुकलं. हिरव्या भेंडात पाणी असते. वाळलं का भेंड आकसते, भोक मोठं होते, चीप ढिली पडते, मंग घर बसते. भेंड पाहिजे वाळलेलं आन् सालटं पाहिजे ओलं. कडब्यातला धांडा घ्या, सालटं ओल्या फडक्यात तासभर गुंडाळून ठेवा. कोरडं सालटं वाकवलं का कडकन मोडते. सोलतानी सांभाळजा, ब्लेडीसारखं कापते. माह्या अंगठ्यावर खूण हाय अजून.

भेंडात लाल रेघ दिसली का तो धांडा खोडकिड्यानं खाल्लेला, फेकून द्या. आन् भेटली तर गावरान ज्वारी पाहा. हायब्रिड आली तवापासून धांडा बुटका झाला, पेर आखूड, गाठी जवळजवळ. गाठीत चीप जात नाही.

आता दार. जुन्या वाड्याचं दार कसं बिजागरीबिगर खाली-वर खुंट्यांवर फिरते? तसंच. खुंटीच्या जागी बाभळीचा काटा. एक वरच्या चौकटीतून दाराच्या कडेच्या धांड्यात, एक खालून. काटा चौकटीत घट्ट, दारात सैल. दारातलं भोक आधी काटा गरगर फिरवून मोठं करून घ्या. आन् त्या कडेच्या धांड्याचं सालटं काढू नका, नाहीतर काटा भेंड चिरत बाहेर येते. तुमचं दार संक्रांतीले काहून निखळे, ते हेच असन. बाबांनी सालटं काढलं असन.

दारव्ह्याचा
आमच्याकडे घर नव्हतं, गाडी होती. शकुंतला रेल्वे. मूर्तिजापूर-यवतमाळ, आमच्या दारव्ह्यावरून जायची. आबाजी आगपेट्यांचे डबे करायचे, भेंडाच्या चकत्यांची चाकं, धुराड्यात पिंजलेला कापूस. 1994 ला वाफेचं इंजिन गेलं, डिझेल आलं. त्यानंतर धाकट्या भावानं गाडी मागितली, तर आबाजींनी धुराडंच नाही लावलं. म्हणे, "आता नसते ते." पोरगं दिवसभर तोंड फुगवून बसलं, पण आबाजी काही हलले नाहीत.

धांड्याचे बैलही करायचे. तान्ह्या पोळ्याला सगळी पोरं लाकडी नंदी घेऊन आली, मी आबाजींची ती जोडी नेली. बोजारा, म्हणजे पोरांना खुशीचे पैसे, वाटणारे काका म्हणाले, "हे बैल होय का वैरण?" चार आणे दिले मात्र.

पूर्णाकाठची
धुरकरी भाऊ, झालं बरं! नणंदेच्या गावी एकाकडे मागच्या साली काढलेला कडबा होता. दहा धांडे मागितले. त्यानं पैसे नाही घेतले, पण विचारलं, "एवढ्यात कोणतं जनावर जगवता, बाई?" काट्यांना तोटा नाही, धुऱ्यावर बाभळी आहेत. पहिली दोन दारं चिरली, कारण सवयीनं सालटं काढत गेले. तिसरं बसलं. आत उघडते, बाहेर उघडत नाही. चौकट माझीच वाकडी झाली आहे.

नातीनं लगेच तिची प्लास्टिकची बाहुली आणली. ती दारातून मावेना, आडवी करूनही नाही. तेव्हा काल रात्री पेटी उघडली, आईच्या लुगड्याचा काठ कापला. कापूस यंदाचा, घरचाच. आम्ही दोघी सरकी काढत बसलो आहोत.