पीटच्या दलदलीत कार्बन नेमकं कोण धरतं?

हिरवा_ठिपका
दलदलीत वाढणारं स्फॅग्नम मॉस पिळून निघालेलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होतो. सुरईच्या आकाराचं पारदर्शक कवच दिसलं, आत हिरवे दाणे गच्च भरलेले. हालचाल मात्र अमीबासारखी. हा शैवाल खाऊन बसलाय का? आणि अशा जिवांना पीटच्या (दलदलीत साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या) कार्बनच्या हिशोबात कुणी धरतं का? वाचायला मिळतं ते फक्त मॉसबद्दल.

चिखलपाणी
वर्णनावरून हायलोस्फीनिया पॅपिलिओ वाटतो, कवचधारी अमीबा. त्याच्या आतले दाणे जिवंत शैवालाचे असतात, त्यानेच सांभाळलेले. ते उजेडात साखर तयार करतात आणि त्यातला वाटा अमीबाला मिळतो. शिवाय तो शिकारही करतो. दाणे एकसारखे, अखंड, हिरवेगार आहेत का ते बघा. पचत आलेलं शैवाल तपकिरी पडतं, विस्कटतं. आणि हो, हिशोबात धरायलाच हवेत. मॉसवर सुटं शैवाल आणि सायनोबॅक्टेरियाही (उजेडात अन्न बनवणारे जिवाणू) असतात, तेही कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात.

पाणथळ
आता मॉसचं एकच पान काचपट्टीवर ठेवा. हिरव्या पेशींची बारीक जाळी दिसेल आणि मधेमधे मोठ्या, रिकाम्या, मेलेल्या पेशी. त्यांना भोकं असतात, आत पाणी भरतं आणि तिथे मिथेन खाणारे जिवाणू राहतात. खालच्या थरातून वर येणारा मिथेन ते जाळतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि शेजारची हिरवी पेशी तो उचलते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००५ साली पाण्याखालच्या स्फॅग्नममध्ये हे दाखवलं. मला तर पीटमधली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते.

हिरवा_ठिपका
म्हणजे असे जीव जितके जास्त, तितका कार्बनचा साठा मोठा?

चिखलपाणी
तसं नाही. धरलेला कार्बन टिकायलाही हवा, आणि ते काम पाण्याचं. पाणी साचलेलं असलं की खाली ऑक्सिजन पोचत नाही, शिवाय आम्लता असते, त्यामुळे कुजणं मंदावतं. जमिनीच्या जेमतेम ३ टक्के भागावरच्या पीटमध्ये जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन आहे, तो हजारो वर्षं असा हळूहळू साचत गेला म्हणून. चर खणून पाणी काढलं की हवा आत शिरते आणि तोच साठा कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. तेव्हा नमुना घ्याल तिथे पाणी पृष्ठभागापासून किती खाली आहे, तेही दर वेळी लिहून ठेवा.