युवराजाच्या दौऱ्यातील जलरंग-रेखाटने : पुरावा की दरबारी चित्रे?

धागाकर्ता :
ब्रिटनचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, ८ नोव्हेंबर १८७५ रोजी ‘सेरापिस’ जहाजातून मुंबईत उतरला आणि मार्च १८७६ पर्यंत हिंदुस्थानात फिरला. त्याच्या लवाजम्यात सिडनी प्रायर हॉल हा चित्रकार होता. हॉलने प्रत्यक्ष जागेवर केलेली रेखाटने हा त्या दौऱ्याचा सर्वांत विश्वासार्ह दृश्य पुरावा मानावा, असे माझे ठाम मत आहे. त्या काळी छायाचित्रकाराला काचेवर ओले रसायन पसरून, ते वाळण्याआधीच छायाचित्र घेऊन काच धुवावी लागे. त्यामुळे माणसांना स्तब्ध उभे करावे लागे आणि चालती मिरवणूक बहुधा धूसर होई. रंग तर नव्हतेच. सचित्र साप्ताहिकांतील चित्रे सत्यापासून आणखी दूर जात, कारण चित्रकाराचे रेखाटन टपालाने लंडनला पोहोचल्यावर तेथील कारागीर ते लाकडी ठोकळ्यांवर कोरत आणि अपुरे राहिलेले चेहरे, पागोटी व गर्दी अंदाजाने भरून काढत. मूळ कागदावर असा दुसरा हात फिरलेला नसतो.

प्रतिसाद १ :
आपल्याशी मी सहमत नाही. विल्यम सिम्प्सन हा चित्रकारही एका साप्ताहिकासाठी याच दौऱ्यावर होता. त्याचा आधीचा अनुभव पाहा. क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाची प्रसिद्ध घोडदौड, म्हणजे ब्रिटिश घोडदळाने रशियन तोफांवर केलेली चाल, त्याने ऐकीव माहितीवरून चितारली आणि तिचे नेतृत्व केलेल्या लॉर्ड कार्डिगनने ती चित्रे तोवर नाकारली, जोवर कार्डिगन स्वतः सर्वांच्या पुढे ठळकपणे दिसला नाही. आश्रयदात्याची मर्जी चित्रावर अशी उमटते, आणि हॉल तर युवराजाच्याच परिवारातून वावरत होता.

शिवाय चौकटीबाहेर काय राहिले, हा प्रश्न मला अधिक जाचतो. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना, ब्रिटिश रेसिडेंटवरील विषप्रयोगाच्या आरोपाच्या चौकशीत आयोगाचे एकमत झालेले नसतानाही, एप्रिल १८७५ मध्ये गादीवरून दूर करून मद्रासला पाठवले होते. मे महिन्यात कवळाणे गावातील एक मुलगा दत्तक घेतला गेला, आणि नोव्हेंबरात तो बारा वर्षांचा सयाजीराव दागिन्यांनी मढून मुंबईत युवराजाच्या भेटीस उभा होता. त्या भेटीचे कितीही हुबेहूब चित्र काढले, तरी त्यात दागिने दिसतील. मल्हारराव दिसणार नाहीत.

धागाकर्ता :
कार्डिगनचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. सिम्प्सन त्या घोडदौडीनंतर क्रिमियात पोहोचला होता, म्हणून ती चित्रे रचलेली होती. मी जागेवरच्या रेखाटनाबद्दल बोलतो आहे. मल्हाररावांची अनुपस्थिती ही त्या क्षणाचीच वस्तुस्थिती होती. ती चित्रकाराच्या माथी का मारावी?

प्रतिसाद २ :
वस्त्रांच्या अभ्यासकाला हा वाद थोडा वेगळा दिसेल. पागोट्याची घडण छायाचित्रात कळते, त्याचा रंग कळत नाही, आणि समारंभात कोणी कोणता रंग नेसला होता हे सांगणारे साधन म्हणून जलरंगाला तोड नाही. मात्र घाईत लावलेल्या एका फटकाऱ्यावरून विणीचे निष्कर्ष काढू नयेत.

प्रतिसाद १ :
चित्रकाराच्या माथी नव्हे, ती चित्रे आज मांडणाऱ्या संग्रहालयाच्या माथी. अशा रेखाटनाशेजारी चित्रकार कोणाच्या परिवारातून आला होता, आणि समोरचा बालराजा सहा महिन्यांपूर्वी कोणाच्या जागी आणला गेला होता, हे दोन ओळींत लिहिलेले असले, तर त्याला पुरावा म्हणण्यास माझी हरकत नाही. ते नसेल तर आहे.