लांबच्या प्रवासाला छोटा पिकअप घ्यावा का? माझं मत : बिनधास्त घ्यावा

मिनियापोलिसवासी

जूनमध्ये नऊ दिवसांत 2,400 मैल करून आलो. मिनियापोलिस, बॅडलँड्स, रॅपिड सिटी, डेव्हिल्स टॉवर, कोडी, यलोस्टोन नॅशनल पार्क आणि परत. गाडी फोर्ड मॅव्हरिक हायब्रिड, फेब्रुवारीत घेतलेली. आम्ही दोघं आणि सांगलीहून आलेले आई-बाबा. निघण्याआधी "पिकअप घेऊन आई-बाबांना फिरवणार?" असं निदान दहा जणांनी विचारलं. गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बाबांनाही मंडईत टोमॅटो उतरवणारा पिकअपच आठवला.

पण ही गाडी त्या जातीची नाही. वेगळ्या सांगाड्यावर बसवलेला ट्रक नाही, एसयूव्हीसारखी एकसंध बांधणी आहे. त्यामुळे रिकामी असली तरी मागून उसळत नाही. हौदा साडेचार फुटांचा. त्यात चार मोठ्या बॅगा, तंबू, घडीच्या खुर्च्या, तांदळाची पिशवी, कुकर, सगळं मावलं आणि आतल्या चार माणसांच्या पायाशी काहीही आलं नाही. चिखलाचे बूट मागे टाकायचे, हौदा पाण्याने धुवायचा, संपलं. हे सुख बंद डिकीत नाही.

एडिसनकर

ताई, सामानाची सोय झाली हे मान्य. माणसांचं काय? मॅव्हरिकची मागची सीट मागे रेलत नाही, पाठ जवळपास सरळ. मिनियापोलिस ते रॅपिड सिटी सुमारे 600 मैल आहे. सत्तरीच्या माणसांना त्या सीटवर नऊ-दहा तास बसवणं मला पटत नाही. आम्ही टोयोटाच्या सिएना हायब्रिड मिनीव्हॅनने आई-बाबांना नायगराला नेलं. सरकते दरवाजे, गाडीचा तळ जमिनीजवळ, गुडघा न उचलता आत पाऊल. मायलेजही गॅलनला 36 मैल. आई-बाबा येतात ते सहा महिन्यांसाठी, त्यांच्या सोयीपुढे हौदा कशाला हवा?

मिनियापोलिसवासी

दर दीड-दोन तासांनी थांबत होतो, आणि ते रॅपिड सिटीचं अंतर दोन दिवसांत केलं. शिवाय बाबा बराच वेळ पुढे बसले. सिएनाची किंमत आमच्या गाडीपेक्षा बरीच जास्त, आणि एरवी वर्षभर आम्ही दोघंच असतो. सहा आसनं रिकामी घेऊन हिंडायचं का?

गणिती

हायब्रिड घेऊन लोक हमखास एक चूक करतात. या गाडीच्या 2024 पर्यंतच्या मॉडेलचा अधिकृत आकडा शहरात 42, हायवेला 33. नेहमीच्या गाडीच्या उलट. शहरात ब्रेक लावला की बॅटरी भरते, हायवेला ब्रेकच नाही, मग भरणार कशी? त्यात वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. साउथ डकोटात आय-90 महामार्गावर वेगमर्यादा ताशी 80 मैल आहे. तुमचे खरे आकडे काय आले? टोयोटाची आरएव्ही-फोर हायब्रिड एसयूव्ही हायवेला 38 देते, आणि सामान कुलपात.

मिनियापोलिसवासी

80 च्या वेगाला 29-30. यलोस्टोनमध्ये, जिथे 45 च्या वर जाताच येत नाही, तिथे 44. म्हणजे तुमचं गणित बरोबर. पण टाकी 13.8 गॅलनची आहे, 30 धरले तरी 400 मैल. वायोमिंगमध्ये पंप लांब लांब आहेत, तरी एकदाही जीव टांगणीला लागला नाही.

बोझमनची सून

मी यलोस्टोनजवळ बोझमनलाच राहते, म्हणून कळकळीने विचारते : खाण्याचं सामान कुठे ठेवलं होतंत? यलोस्टोनमध्ये खाणं, कूलर, भांडी, कचरा, अगदी टूथपेस्टसुद्धा पक्क्या बंद गाडीत किंवा अस्वलपेटीत (अस्वलाला उघडता न येणाऱ्या पेटीत) ठेवायची असते. पिकअपचा हौदा चालत नाही. आपल्या डब्यांचा वास तर मैलभर जाईल. एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल शेवटी मारावं लागतं, हे लक्षात घ्या. तुमच्या "पायाशी काहीही आलं नाही"चं पार्कात काय झालं?

मिनियापोलिसवासी

इथे तुम्ही मला पकडलंत. कोडीला मुक्काम होता तिथल्या बाईंनी हेच सांगितलं. मग भडंगाचा डबा, लोणचं, लाडू, कूलर, कुकर, सगळं आत आलं. पार्कातले तीन दिवस आईच्या पायाशी कूलर होता. हे मी वर लिहायला हवं होतं.

आणखी एक. बॅडलँड्समध्ये सेज क्रीक रिम रोड हा खडीचा रस्ता आहे. तिथून बाहेर पडलो तेव्हा फाळक्याच्या फटीतून आलेली धूळ सगळ्या बॅगांवर बोटभर. पुढच्या वेळी फटीला रबरी पट्टी लावणार.

पुणेकर व्ही-क्रॉसवाला

ताईंच्या बाजूने. माझ्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप आहे, पुण्याहून स्पितीपर्यंत नेली आहे. हौद्याची एकदा सवय झाली की डिकी नको वाटते. पण माझी गाडी जवळजवळ 5.3 मीटर, शिडीसारख्या चासीवरची, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. हौदा रिकामा असला की खड्ड्यात मागच्यांची हाडं मोजून निघतात, म्हणून मी कायम थोडं वजन टाकतो. मॅव्हरिकएवढा, मोटारीसारखा चालणारा पिकअप इथे कुणी विकतच नाही. मिळाला तर मी उद्या बदलेन.

एडिसनकर

व्ही-क्रॉसवाले, तुम्ही चालवणारे आहात. चालवणाऱ्याला कुठलीही गाडी आवडते. ताई, एकच विनंती. मागच्या सीटबद्दल आई-बाबांना एकदा सरळ विचारा. आपली माणसं आपणहून सांगत नाहीत.

मिनियापोलिसवासी

काल रात्री सांगलीला फोन केला. बाबा आधी "छान होती की गाडी" म्हणाले. मी परत विचारलं, तेव्हा आईने फोन घेतला. दुसऱ्या दिवसापासून तिची कंबर धरली होती. पार्कात कूलरमुळे पाय लांब करता येत नव्हते. थांबल्यावर ती गाडीभोवती फेऱ्या मारायची, मला वाटायचं देखावा बघतेय.

एडिसनकर, तुमचं खरं होतं. दोघांसाठी, आणि तंबू घेऊन हिंडणाऱ्यांसाठी माझं मत तेच आहे. पण ते दोघं पुढच्या वर्षी येतील तेव्हा मिनीव्हॅन भाड्याने घेणार. तुम्ही सिएनाची कुठली रांग आईसाठी सुचवाल, मधली ना?