मोडी दप्तरं: देणगी एकदाच मिळणार असेल तर आधी स्कॅनिंग की आधी सूची?

दप्तरदार
समजा संस्थेकडे मोडीची लाखभर पानं आहेत आणि पाच वर्षांचा आराखडा करायचा आहे. बहुतेक कार्यकारिणी पहिल्याच बैठकीत स्कॅनर मंजूर करतात. माझ्या मते पहिली दोन वर्षं पैसा सूचीवर आणि साठवणीवर घालावा. ए-फोर आकाराचं पान ४०० पीपीआयला (इंचाला ४०० ठिपके), रंगीत, न दाबलेल्या टिफ या चित्रफायलीत सुमारे ४६ एमबी होतं. लाख पानांचे ४.६ टीबी, तीन प्रतींचे जवळपास १४. हा खर्च देणगी संपल्यावरही चालूच राहतो. शिवाय फायलीचं नाव नुसतं 'आयएमजी ००४७' असेल, तर पान कुठल्या रुमालातलं (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातलं) ते पुढे कोण सांगणार?

शाईपुसणी
आणि सूची होईस्तोवर कसर थांबते वाटतं? आधी सूचीसाठी रुमाल सोडायचा, मग स्कॅनसाठी पुन्हा सोडायचा. जीर्ण पानं घडीवर तुटतात ती अशाच हाताळणीत. एकदाच सोडा, रुमाल क्रमांकाची चिठ्ठी आणि रंगपट्टी पहिल्या फ्रेममध्ये ठेवा, वरून कॅमेऱ्यानं पाठपोट फोटो घ्या. सूची नंतर पडद्यावर बघून होते. मोडी वाचणारे मोजकेच आहेत, त्यांना घरबसल्या पानं तरी मिळतील.

रफार
दोघंही एक गोष्ट विसरताय. श्रीलिपी-आकृती या युनिकोडआधीच्या फॉन्टांच्या जमान्यात टंकलेल्या सूच्या आज उघडून बघा, फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. रूपांतर केलं तरी रफार आणि जोडाक्षरं घसरतात, मग शोधाला काही सापडत नाही. सूची युनिकोडमध्ये, सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकूर-फायलीत ठेवा. प्रती चुंबकीय टेपवर ठेवल्या तर त्यांचंही तेच: एलटीओ या टेपप्रकारात सहाव्या पिढीची टेप आठव्या पिढीच्या ड्राइव्हला वाचता येत नाही. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये खंडणीसाठी सायबर हल्ला झाला, तेव्हा डिजिटल संग्रहाच्या प्रती शाबूत होत्या, पण त्या उतरवायला धड यंत्रणा नव्हती. प्रत परत उतरवून बघण्याची तालीम आराखड्यात नसेल तर तीन प्रती नुसत्या नावापुरत्या.

नवी पाटी
एवढा खटाटोप कशाला? दोन वर्षांत एआय मोडी वाचेल, सूची आपोआप होईल.

दप्तरदार
ट्रान्स्क्रिबससारख्या हस्ताक्षर वाचणाऱ्या साधनाला शिकवायलाच पाच ते पंधरा हजार शब्दांचं माणसानं तपासलेलं लिप्यंतर लागतं. ते देणारे तेच मोजके वाचक. त्यात मोडीत आधी शिरोरेघ ओढतात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. कालगणनेचं तर विचारूच नका. 'सलास सबैन मया व अलफ' अक्षरशः बिनचूक वाचलं, तरी सूचीत शुहूर (जुन्या कागदांतली अरबी शब्दांत लिहिलेली कालगणना) ११७३ आणि शेजारी इ.स. १७७२-७३ असे दोन रकाने लागतात. 'सलास'चं (तीन) 'समान' (आठ) वाचलं गेलं की कागद पाच वर्षं पुढे सरकला.

शाईपुसणी
सन माणसानं भरावा, कबूल. पण त्यासाठी सगळंच दोन वर्षं अडवू नका. ओल लागलेले रुमाल आधी स्कॅनला काढा, कोरडे सूचीच्या रांगेत.

दप्तरदार
चालेल, पण नुसत्या वासावरून ठरवू नका. प्रत्येक कपाटात आर्द्रतामापक ठेवून पावसाळाभर नोंदी घ्या. ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहणारी कपाटं आधी.