मदत हवी आहे: वर्म-गिअरच्या हाउसिंगचं सीएनसी काम. खर्च नेमका कशाने वाढतोय?

नमस्कार मंडळी,

दुर्बिणीच्या ट्रॅकिंगसाठी वर्म-गिअरचं (स्क्रूसारखा वर्म दातेरी चाक फिरवतो ती जोडी) हाउसिंग, म्हणजे बाहेरची पेटी, ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) करून घ्यायचं आहे. नग दोनच. थ्रीडी मॉडेल तयार आहे, कोटेशनंही आली आहेत, पण सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त दरात जवळजवळ चौपट फरक आहे. कारण विचारलं तर "काम अवघड आहे" एवढंच उत्तर मिळतं. अवघड काय आहे ते कळलं तर डिझाइन बदलायची माझी पूर्ण तयारी आहे.

जॉब असा आहे. बाहेरून १०० × ६० × ४५ मिमी, मटेरियल ६०६१-टी६ (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू). वरून ३८ मिमी खोल पॉकेट (आतली पोकळी), आतल्या कोपऱ्यांना २ मिमी त्रिज्या. ६० मिमीच्या रुंदीत समोरासमोरच्या भिंतींवर ६०८ बेअरिंगच्या दोन बैठका (२२ मिमी व्यास, ७ मिमी खोली, आत खांदा). वर्मचा शाफ्ट या दोन बेअरिंगांत फिरणार, त्यामुळे दोन्ही बोअर (बेअरिंगची भोकं) एका रेषेत हवेत. मोटरसाठी एक भोक १५ अंश तिरकं आहे. ड्रॉइंगवर सगळ्या मापांना ±०.०१ मिमी टॉलरन्स (मापात चालणारी कमी-जास्त) दिला आहे आणि शेवटी काळं ॲनोडायझिंग (पृष्ठभागावर ऑक्साइडचा कडक थर).

प्रश्न:
पाच अक्षांचं मशीन लागेलच का?
७०७५ हा दुसरा ॲल्युमिनियम मिश्रधातू घेतला तर हाउसिंग जास्त कडक होईल का?
आणि अचूकता न गमावता खर्च कुठे कमी करता येईल? ट्रॅकिंग नीट व्हायला हवं, त्यात तडजोड नको आहे.

प्रतिसाद १

आधी कोपऱ्यांचं बोलू, कारण कोटेशन देणाऱ्याची नजर पहिली तिथेच जाते. २ मिमी त्रिज्या म्हणजे ४ मिमीचा एंडमिल (फिरत कापणारं टूल), आणि तो ३८ मिमी खाली उतरवायचा. व्यासाच्या साडेनऊपट लांब टूल बाहेर काढलं की ते वाकतं, थरथरतं, भिंतीवर लाटा उठतात. मग फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कमी, कट पातळ, आणि तरी टूल तुटायची धास्ती. तीच त्रिज्या ५ मिमी करा. ८ मिमीचा एंडमिल चालेल. लांबी तेवढीच ठेवून टूलचा व्यास दुप्पट केला की कडकपणा सोळापट होतो. ८ मिमीच्या टूलला त्रिज्या ४ च्या जरा वर असलेली बरी, म्हणजे टूल कोपऱ्यात अडकून न राहता वळत जातं. आतला कोपरा काटकोनातच हवा असेल तर मिलिंगने तो होणारच नाही, ईडीएम (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणं) लागेल. तुमच्या पॉकेटमध्ये तशी गरज मला दिसत नाही.

७०७५ नको. ते मजबूत आहे, म्हणजे जास्त ताण सोसतं. पण कडकपणा ठरतो लवचिकता गुणांकावर, आणि तो ६०६१ चा ६९ तर ७०७५ चा ७२ गिगापास्कलच्या आसपास. वाकण्यात फरक पडणार नाही. भिंत जाड करा, त्याचा उपयोग होईल.

प्रतिसाद २

मी व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनवर) सेटिंग करतो, म्हणून पैसा कुठे जातो ते सांगतो. मशीन कापत असतं तो वेळ तुमच्या कामात लहान आहे. प्रोग्रॅम बनवणं, वाइसमध्ये (पकडीत) जॉब डायल लावून सरळ करणं, टूलचे ऑफसेट (लांबी-व्यासाची मापं) घेणं, पहिला नग मोजणं, हे दोन नगांना जेवढं लागतं तेवढंच वीस नगांना. समजा ही तयारी सहा तासांची आणि प्रत्यक्ष कटिंग दर नगाला दीड तास. दोन नग केले तर प्रत्येकी साडेचार तास पडतात. दहा केले तर दोन तासांच्या थोडं वर. दुर्बीणवाले मित्र असतील तर एकत्र ऑर्डर द्या, एवढा सोपा फायदा दुसरा नाही.

आता सेटअप मोजा, म्हणजे जॉब किती वेळा नव्याने पकडावा लागतो ते. वरून एक, उलटून खालून दुसरा, एका बाजूच्या बोअरला तिसरा, समोरच्या बोअरला चौथा, तिरक्या भोकाला पाचवा. दर वेळी जॉब सुटतो, पुन्हा लागतो, थोडी चूक आत शिरते. महागडा कोट देणाऱ्याने बहुधा पाच अक्षांचं मशीन धरलंय. तिरकं भोक हाउसिंगमधून काढून वेगळ्या ब्रॅकेटवर न्या, मग तीन अक्षांवर काम होईल.

बोअरचं मात्र नीट ऐका. खांदा आत असल्यामुळे प्रत्येक बैठक बाहेरून करावी लागते, म्हणजे मध्ये जॉब फिरवावा लागतो, आणि तिथेच दोन बोअरची रेषा बिघडते. खांदे काढून टाका. २२ मिमीचं बोअर दोन्ही भिंतींतून सरळ आरपार जाऊ दे. १६ मिमीचा बोअरिंग बार ६० मिमी आत जातो, म्हणजे व्यासाच्या चौपटीच्या आत, साध्या स्टीलच्या बारलाही झेपतं. एकाच सेटिंगमध्ये, एकाच स्पिंडलने दोन्ही बोअर झाले की ते एका रेषेत येतात, वेगळं काही करावं लागत नाही. बेअरिंग बाहेरून कव्हर प्लेटने दाबा, आतून शाफ्टचा खांदा. कव्हरखाली शिम (पातळ पत्रा) घालून अक्षाच्या दिशेची ढिलाई काढता येते. वर्मला ती ढिलाई अजिबात चालत नाही, तेव्हा हा बदल कामाचाच आहे.

प्रतिसाद ३

टॉलरन्सबद्दल. ±०.०१ सरसकट लिहिलं की दुकानाला प्रत्येक माप तसं मोजून द्यावं लागतं, कदाचित सीएमएमवर (अचूक मापन यंत्रावर). ॲल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला २३ मायक्रॉन वाढतं. १०० मिमीचं माप १० अंशांच्या फरकाने २३ मायक्रॉन हलतं, आणि दुर्बीण तर रात्री उघड्यावर थंड होणार. बाहेरच्या मापाला ±०.०१ ठेवून काय साधलं?

बोअरला २२ एच७ द्या, म्हणजे २२.००० ते २२.०२१. दोन बोअरच्या समअक्षीयतेला (ते एका रेषेत असण्याला) वेगळी खूण करा. बाकी सगळ्याला आयएसओ २७६८-एम (सर्वसाधारण टॉलरन्सचं मानक); १०० मिमीला त्यात ±०.३ मिळतं. वर्म आणि चाकातलं अंतर घट्ट टॉलरन्सने पकडायला जाऊ नका. बसवायच्या भोकांना लांबट खाचा करा आणि जुळवणी करताना वर्म चाकाकडे सरकवून बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) काढा. मशीनने कितीही अचूक दिलं तरी चाकाचे दात झिजतात, तेव्हा ही सोय पुन्हा लागणारच.

ॲनोडायझिंगची जाडी विसरू नका. थराचा साधारण अर्धा भाग बाहेर वाढतो. २० मायक्रॉनचा थर असेल तर बोअरचा व्यास सुमारे २० मायक्रॉनने कमी होतो, म्हणजे एच७ ची सगळी जागा खाल्ली. ड्रॉइंगवर "बोअर मास्क करणे" (थर बसू नये म्हणून झाकणे) असं स्पष्ट लिहा.

धागाकर्ता

मनापासून आभार. आरपार बोअर आणि कव्हर प्लेट हे मला सुचलंच नव्हतं, आजच मॉडेल बदलतोय. खाचा करतो, तिरकं भोक ब्रॅकेटवर नेतो. एकच उरलं: कोट मागताना एसटीएल फाइल पाठवली तर चालते का?

प्रतिसाद २

नको. एसटीएल म्हणजे नुसत्या त्रिकोणांची जाळी, त्यात गोल भोकसुद्धा बहुकोन होऊन येतं. स्टेप फाइल (खऱ्या वक्रांसह थ्रीडी मॉडेल) द्या आणि सोबत पीडीएफ ड्रॉइंग. एच७, एम४ चे आटे किती खोल, मास्किंग कुठे, हे स्टेप उघडून कळत नाही, ते ड्रॉइंगवरच हवं. एम४ ला ८ मिमी आटे पुरतात. त्याहून खोल टॅप नाहक तुटतो. आणि पत्रात दोन, पाच आणि दहा नगांचे वेगवेगळे दर मागा. त्या आकड्यांवरून दुकानाने तयारीचा खर्च किती धरलाय ते तुमचं तुम्हालाच काढता येईल.