भाज्याचे कललेले खांब

सायकलवर गेलं की घाई गळून पडते आणि बारीकसारीक गोष्टी दिसतात, असं म्हणतात; मला ते अगदी पटलं. लोणावळ्याजवळची कार्ले-भाजे ही बौद्ध लेणी सायकलवर एका दिवसात केली, तेव्हा भाज्याच्या चैत्यगृहात (स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात) आधी वाटलं, चढ मारून आपलेच डोळे फिरलेत. खांब चक्क आत झुकलेले! पण ते मुद्दामच तसे कोरलेत. लाकडी बांधकामात छताचा रेटा पेलायला खांब तिरके ठेवत, तीच सवय कातळात उतरली. दगडाला त्याची काही गरज नव्हती, हीच तर गंमत.

कार्ल्याला मान वर करून बघाच. छताच्या कमानी खऱ्या लाकडाच्या आहेत, साधारण २००० वर्षांपूर्वीच्या.

आणि हो, पायऱ्यांसाठी साध्या चपला न्या. सायकलिंगच्या कडक तळव्याच्या बुटांनी मी सपशेल आपटलोय.